ॲक्युपंक्चर : पहिल्यांदा उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी

शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर अतिशय बारीक सुया टोचून आणि त्या काही वेळ तशाच ठेवून, मुख्यतः वेदना कमी करण्यासाठी केला जाणारा मूळचा चिनी उपचार. या पद्धतीच्या चिनी नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ सुई आणि दुसऱ्याचा अर्थ धुमसत्या वनस्पतीचा शेक असा आहे, कारण तिथे हे दोन्ही उपचार जोडीनेच चालत आले. ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द मात्र लॅटिनमधला : अकुस म्हणजे सुई, पुंक्तुरा म्हणजे टोचणे. जपानमध्ये राहून आलेला डच वैद्य विलेम तेन ऱ्हाइने याने १६८३ मध्ये तो युरोपात रूढ केला. मराठीत सूचिचिकित्सा असा पर्यायी शब्द आहे. बोलताना लोक ‘सुया लावून घेणे’ म्हणतात. ॲक्युप्रेशर वेगळे. त्यात बोटांनी किंवा साधनाने दाब देतात, सुई नसते. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांची इथे गल्लत होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात भीती असते ती टोचण्याची. या उपचारातली ती सर्वांत किरकोळ बाब आहे. त्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न तीन : दुखण्याचे निदान झाले आहे का, सुई नवी आणि निर्जंतुक आहे का, आणि गुण येतो की नाही हे आपण केव्हा व कसे ठरवणार? हे प्रश्न विचारायचे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

सुई

ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते. तिच्यातून काही आत सोडत नाहीत की बाहेर काढत नाहीत. जाडी साधारणपणे ०.१६ ते ०.३० मिलिमीटर असते; रक्त तपासणीसाठी वापरतात ती पोकळ सुई ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असते. त्यामुळे इंजेक्शनचा अनुभव मनात धरून गेलेल्या रुग्णाला ‘झाले का टोचून?’ असे विचारावेसे वाटते. सुया बहुधा स्टेनलेस स्टीलच्या, एकेका पाकिटात बंद आणि एकदाच वापरून टाकायच्या असतात. पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि काढलेल्या सुया धारदार वस्तूंच्या बंद डब्यात जातात का, हे पाहण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. सुया उकळून किंवा पुसून पुन्हा वापरल्याने हेपॅटायटिस-बी पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ‘तुमच्याच सुया तुमच्यासाठी राखून ठेवतो’ हेही मान्य करू नये.

बऱ्याच ठिकाणी सुई एका बारीक नळीतून टोचतात. नळीच्या तोंडातून किंचित वर आलेल्या सुईच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारली की ती झटकन कातडीत जाते. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ही नळी रूढ करण्याचे श्रेय सुगियामा वाइची या अंध वैद्याला देतात. हातांना जे कळते त्यावर विसंबून काम करणाऱ्या माणसाने काढलेली ही युक्ती आज डोळस वैद्यही वापरतात.

आधी निदान

वेदना ही तक्रार असते, रोगाचे नाव नव्हे. कंबर दुखण्यामागे आखडलेला स्नायू असू शकतो, तसाच मणक्यातला संसर्ग किंवा गाठही असू शकते. सुयांनी वेदना तात्पुरती दबली आणि मूळ रोग मागे वाढत राहिला, तर ते नुकसान सुईच्या कोणत्याही दुष्परिणामाहून मोठे ठरते. म्हणून दुखणे नवे असेल, वाढत असेल, सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद जाणे, तसेच अचानक उठलेली, कधीच अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी आणि छातीतले दुखणे, यांसाठी थेट रुग्णालयच गाठले पाहिजे.

चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत. ‘गोळ्या सोडा, मगच सुयांचा गुण येईल’ असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठून यावे.

कशासाठी उपयोग होतो

परंपरेचे स्पष्टीकरण असे : शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की दुखणे येते आणि मार्गावरच्या बिंदूंवर सुई लावली की वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू १४ मार्गांवर दाखवले आहेत. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली हे मार्ग सापडलेले नाहीत. मात्र सुई टोचल्याने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये, विशेषतः एंडॉर्फिन, सुटतात याला प्रयोगांचा आधार आहे. ‘ची’ वर विश्वास नसलेल्या माणसालाही उपचार घेता येतो, आणि विश्वास असल्याने पुराव्याची गरज संपत नाही.

पुरावा तपासणे इथे अवघड जाते, कारण रुग्णाला न कळता सुई टोचता येत नाही. म्हणून संशोधकांनी खोट्या सुया बनवल्या. १९९८ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या अशा एका सुईचे बोथट टोक कातडीला टेकताच दांड्यात सरकते. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत जात नाही. दुसरी रीत म्हणजे बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचणे. कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दुसरी रीत वापरली होती. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, खोट्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीची औषधे व व्यायाम घेणाऱ्या गटात २७.४ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. सुया लावून घेणाऱ्यांना खरोखरच बरे वाटले. पण सुई नेमक्या कोणत्या बिंदूवर लागली याने फारसा फरक पडला नाही.

पुढे ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज आणि जुनाट डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चर खोट्या उपचारापेक्षा थोडे आणि उपचार न घेण्यापेक्षा बरेच सरस ठरले; एका वर्षानंतरही बहुतांश गुण टिकून होता. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर उपयोग होतो, असे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९९७ मध्येच मान्य केले होते. मळमळीसाठीचा बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून कोपराच्या दिशेने रुग्णाच्याच तीन बोटांच्या अंतरावर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या कंडरांच्या मधोमध असतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक संस्थेचे मत मात्र पालटत आले आहे : २००९ मध्ये कंबरदुखीसाठी शिफारस, २०१६ मध्ये ती मागे, आणि २०२१ मध्ये विशिष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा अनुकूलता. जाणकारांमध्येही एकमत नाही, हे रुग्णाला ठाऊक असलेले बरे.

मधुमेह, कर्करोग, जंतुसंसर्ग किंवा पक्षाघात सुयांनी बरा होतो या दाव्याला भक्कम पुरावा नाही. कर्करोगाच्या रुग्णाला मळमळ किंवा वेदना कमी व्हावी म्हणून सुया लावणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मूळ उपचारासोबतच करायची असते.

पहिली भेट

पहिली भेट बहुधा तासभराची असते आणि त्यातला मोठा भाग बोलण्यात जातो. दुखणे कधीपासून, कशाने वाढते, झोप कशी, पोट साफ होते का, पाळीचा त्रास आहे का, घाम किती येतो असे प्रश्न येतात. पारंपरिक रीतीने काम करणारा वैद्य जीभ पाहतो आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी पाहतो. कंबर दुखत असताना जिभेचे काय काम, असे वाटले तरी गोंधळू नये; तो त्या पद्धतीचा भाग आहे. मात्र केवळ जीभ आणि नाडी पाहून मोठ्या रोगाचे निदान सांगितले, तर ते वैद्यकीय तपासणीने पडताळून घ्यावे.

उपाशीपोटी जाऊ नये आणि भरपेट जेवूनही जाऊ नये. रिकाम्या पोटी भोवळ येण्याची शक्यता वाढते. कपडे सैल, गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत वर सरकतील असे घालावेत. दुखते कंबर आणि सुई लागते पायात किंवा हातात, असे पुष्कळदा होते.

काही गोष्टी न विचारता आपणहून सांगाव्यात : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तस्रावाचा विकार, गर्भारपण किंवा त्याची शक्यता, पेसमेकर, कृत्रिम हृदयझडप, अपस्मार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, निकेलसारख्या धातूची ॲलर्जी, आणि पूर्वी सुईने भोवळ आली असल्यास तेही. यांतल्या बहुतेक बाबतींत उपचार बंदच असतो असे नाही, पण बिंदू, खोली किंवा पद्धत बदलावी लागते. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह जोडत नाहीत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येत असेल, तर त्या हाताला टोचणे टाळतात.

सुया लागल्यावर

बहुधा पाच ते वीस सुया लावतात आणि २० ते ३० मिनिटे ठेवतात. बिंदूची जागा मोजण्याचे माप रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी हेच असते, त्यामुळे उंच माणसाचे आणि लहान मुलाचे माप आपोआप वेगळे होते. सुई आत गेल्यावर वैद्य ती हलकेच फिरवतो. तेव्हा त्या जागी जडपणा, ओढ, मुंग्या किंवा खोलवर ठणका जाणवतो. चिनी परंपरेत याला ‘ची आली’ असे म्हणतात आणि ती इष्ट खूण मानतात. तीक्ष्ण, विजेच्या झटक्यासारखी किंवा जळजळीत वेदना मात्र इष्ट नाही. सुई एखाद्या मज्जातंतूला लागत असू शकते. लगेच सांगावे, सुई थोडी वर घेतली की ती थांबते. सहन करण्यात काही शौर्य नाही.

सुया लागलेल्या असताना अंग हलवू नये. स्नायू आखडला तर सुई अडकते किंवा वाकते. मळमळ, थंड घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर हाक मारावी. सुया काढून, आडवे करून, पाय उंच केल्यावर बहुतेकांना काही मिनिटांत बरे वाटते. म्हणूनच पहिला उपचार बसून नव्हे, झोपूनच घ्यावा. पुष्कळ रुग्णांना याच वेळी गाढ झोप लागते. सोबत कधी धुमसत्या दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीचा शेक किंवा सुयांना जोडलेला सौम्य वीजप्रवाह वापरतात. शेकात भाजण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी तो नाकारावा.

नंतरचा त्रास आणि खरा धोका

जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची पाहणी करून २००९ मध्ये जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास सांगितला. सर्वाधिक होता तो थोडे रक्त येणे किंवा काळानिळा डाग पडणे, ६.१ टक्के. एक-दोन दिवस दुखणे वाढणे किंवा सुस्ती येणे हेही घडते. पहिल्या उपचारानंतर लगेच गाडी चालवत निघू नये.

त्याच पाहणीत दोघांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. हा प्रकार अत्यंत विरळ, पण प्रत्येक रुग्णाला माहीत असावा असा आहे. छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर हवा फुप्फुसाभोवती शिरते. त्रास लगेच होईलच असे नाही, काही तासांनी, घरी पोहोचल्यावरही होऊ शकतो. छातीत टोचल्यासारखे दुखणे, धाप लागणे किंवा कोरडा खोकला सुरू झाल्यास तातडीने रुग्णालयात जावे आणि छातीच्या भागात सुया लावल्या होत्या हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते सांगितले नाही, तर निदान हुकण्याची भीती असते.

वैद्य निवडताना शिक्षण कुठे झाले, नोंदणी आहे का, अशा दुखण्याचे किती रुग्ण पाहिले, हे विचारावे. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही.

किती वेळा, आणि थांबायचे केव्हा

जुनाट दुखण्यासाठी सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, एकूण सहा ते दहा वेळा सुया लावणे सर्वसाधारण आहे. अर्धशिशीसाठी ब्रिटनमधल्या मार्गदर्शिकेत पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा वेळा असे सुचवले आहे. पहिल्याच दिवशी मोठ्या संख्येचे पैसे आगाऊ भरू नयेत, कारण भरलेल्या पैशाचा मोह थांबू देत नाही. त्याऐवजी उपचार सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यापासून एक साधी वही ठेवावी : रोजचे दुखणे शून्य ते दहा यांपैकी किती, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, झोप किती तास लागली, किती चालता आले. जुनाट दुखणे आपोआपही कमी-जास्त होत असते आणि माणूस बहुधा ते टोकाला पोहोचल्यावरच उपचाराला जातो. त्यामुळे नुसत्या आठवणीवर विसंबल्यास सुयांना नको तितके श्रेय किंवा दोष जातो. सहाव्या वेळेनंतर वही वैद्यासमोर उघडावी. आकडे हलले नसतील तर थांबावे आणि मूळ डॉक्टरांकडे परत जावे. फरक पडला असेल तर दोन उपचारांतले अंतर पंधरा दिवस, मग महिना असे वाढवत न्यावे आणि वही तशीच चालू ठेवावी.