टॉर्टिया चिप्स: उरल्यासुरल्याचा धंदा

दुकानातल्या टॉर्टिया चिप्सच्या पाकिटावर मका, तेल, मीठ एवढंच ठळक दिसतं. खरी करामत असते ती चुन्याची. मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशात किमान तीन हजार वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात. सालं सुटतात, मग धुतलेला ओला दाणा दगडी पाट्यावर वाटतात. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात. या वाटलेल्या मक्याला 'मासा' म्हणतात; त्याला मात्र चिकटपणा येतो आणि पातळ टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन भाकरी, सहज होते. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. पुढे इटली-स्पेनमधली गरीब माणसं पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या अभावाच्या रोगाने, आजारी पडली, त्याचं मोठं कारण हेच.

टॉर्टिया ताजी खायची चीज. दुसऱ्या दिवशी ती वातड होते. टाकायची कशाला, म्हणून मेक्सिकन घरांत तिचे तुकडे कुरकुरीत करतात, ते तोतोपोस. साल्सा या तिखट रश्श्यात घोळवले की चिलाकिलेस. तळण मात्र तिथलं मूळचं नव्हे: स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात डुकरं घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर चरबी आली. वाहाका राज्यातल्या तेवांतेपेक भागात झापोटेक जमातीच्या बायका आजही तेलाशिवाय तोतोपोस करतात. भोकं पाडलेली टॉर्टिया मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजायची. ती पुष्कळ दिवस टिकते.

पाकिटाची कथा सीमेपलीकडची आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये रेबेका वेब करान्झा यांच्या 'एल झारापे' कारखान्यात यंत्रातून वेड्यावाकड्या टॉर्टिया निघत. त्यांनी त्या त्रिकोणी कापून तळल्या आणि दहा सेंटला पिशवी विकायला काढली. पुढे चिप्स हाच मुख्य धंदा झाला. त्यांना सरसकट 'जनक' म्हणणं मला पटत नाही. तळलेले तुकडे घरोघरी होतेच. पण धंदा उभा करणं हेही लहान काम नव्हे. डोरिटोस या प्रसिद्ध चिप्सची गोष्टही याच वळणाची. डिस्नेलँडमधल्या 'कासा दे फ्रिटोस' उपाहारगृहात शिळ्या टॉर्टिया तळून देत, असं सांगतात. त्यांचा खप फ्रिटो-ले या चिप्स कंपनीच्या आर्च वेस्ट यांच्या नजरेत भरला आणि 1966 मध्ये डोरिटोस अमेरिकाभर आले.

फ्रिटोस मात्र वेगळे. 1932 सालचे हे चिप्स मासा दाबून थेट तेलात सोडलेले, मध्ये भाजणं नाही. म्हणून ते जाड, तेलकट लागतात; मला तरी दोन-चारांपुढे जात नाहीत.

आजच्या कारखान्यात कोणी शिळ्या टॉर्टियांची वाट पाहत नाही. मासा लाटून पट्टा करतात, त्यातूनच त्रिकोण कापतात, भट्टीतून काही सेकंद भाजून काढतात नि तळतात. म्हणजे पाकिटातला तुकडा कधी गोल टॉर्टिया नव्हताच. पातळ, एकसारखा, डिपमध्ये बुडवायला सोयीचा. पण तव्यावर पडलेल्या काळ्या डागांची ती किंचित करपलेली चव त्यात फारशी उतरत नाही. ती उणीव मीठ-मसाल्याने भरून काढतात. साधे खारे चिप्स घेतले तर निदान मक्याची चव कळते.