वाईला जाताय? मग देवळाच्या मागं पण जा

पुण्याकडची मंडळी पाचगणी-महाबळेश्वरला निघाली की सुरूर फाट्याला वळतात, वाईत अर्धा तास थांबतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात, घाटावर चार फोटो काढतात आणि पसरणी घाट चढायला लागतात. आम्ही साताऱ्याचे, आमच्याकडं पाहुणे आले की त्यांना वाईला न्यायची ड्यूटी ठरलेली, आणि दरवेळी मी एकच हट्ट धरतो की दर्शन झालं ना, आता देवळाच्या मागच्या बाजूला चला.

कारण खरी गंमत मागं आहे. देवळाची मागची भिंत सरळ नाहीच, होडीच्या नाळेसारखी टोकदार आहे, लोक मत्स्याकार म्हणतात. देऊळ कृष्णेच्या अगदी काठाला, पुराचं पाणी आलं की त्या टोकावर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून ही रचना. आत एकाच दगडातली दहाएक फुटांची मूर्ती, पोट बघितलं की ढोल्या हे नाव का पडलं ते सांगायला लागत नाही.

आता एवढंसं गाव, आणि एवढे घाट, एवढी देवळं, एवढे वाडे आले कुठनं? तर थोडक्यात सांगायचं म्हणजे वाई हे पेशव्यांची सासुरवाडी. नानासाहेब पेशव्यांच्या बायको गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांच्या लेक. रास्ते मूळचे गोखले, घरात सावकारी, आणि १७३० ला मुलगी शनिवारवाड्याच्या घराण्यात पडल्यावर मग काय, सावकारीच्या जोडीला सरदारकी आली. पुण्यातली रास्ता पेठ यांच्याच नावाची. पैसा आला तसा तो गावाच्या नदीकाठावर ओतला, काशीविश्वेश्वर १७५७ चा आनंदराव भिकाजींचा, ढोल्या गणपती १७६२ चा गणपतराव भिकाजींचा.

१७६२ हे साल जरा परत वाचा. पानिपत जानेवारी १७६१ चं. त्यात विश्वासराव पडले, म्हणजे गोपिकाबाईंचा थोरला मुलगा, या गणपतरावांचा भाचा, आणि त्याच वर्षी नानासाहेबही गेले. त्यानंतर वर्षभरात इथं हे देऊळ उभं राहतंय. देऊळ आधीपासून चालू होतं का, दुःखात काम थांबलं होतं का, असले प्रश्न माझ्या डोक्यात तिथं उभं राहिल्यावर येतातच. पुढं १७७२ ला गोपिकाबाईंचा दुसरा मुलगा माधवराव गेले, १७७३ ला धाकट्या नारायणरावांचा खून झाला आणि या बाईंनी शेवटचे दिवस नाशकाकडं काढले, माहेरी वाईला नाही.

रास्त्यांच्या आधी वाई नव्हती असं मात्र नाही. आदिलशाहीत हा सुभा होता आणि सुभेदार कोण, तर अफझलखान. १६५९ ला तो प्रतापगडाकडं जायच्या आधी फौजेसकट इथंच मुक्कामाला होता. खानाचं हे संकट टळू दे म्हणून तेव्हा गावातनं कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातनं कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला असं वाईकर सांगतात. आजही माघापासून एकेका घाटाचा उत्सव लागतो, गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, भीमकुंड आळी, रामडोह, ब्राह्मणशाही, असे सात घाट आणि प्रत्येकाची कृष्णाबाई वेगळी, घाटावर मांडव घालून बसवलेली. देवीच्या रूपात नदीच! या दिवसांत गेलात तर नुसते फोटो काढून पळू नका, बसा जरा.

वाईपासनं तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीस जन्मले आमच्या साताऱ्यात, १७४२ ला, पण वाडा बांधला इथं, हे गाव त्यांना १७६८ ला इनाम मिळालं होतं. वाडा बघाच, भिंतींवरची जुनी चित्रं अजून आहेत, पण घाटावर उतरल्यावर तिथल्या छोट्या घंटाघरात मान वर करून बघा. ती घंटा देवळाची नाही, चर्चची आहे. १७३९ ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडनं वसई घेतली तेव्हा तिकडच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, एक भीमाशंकरला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात, एक इथं. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे आणि मेरी-येशूचं चित्र. मागच्या खेपेला मी ते पाहुण्यांना दाखवत होतो तर खाली पायरीवर धुणं धोपटणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वाजवू नका हां, लई लांब जातो आवाज."

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि घाट बांधणारा पैसा आटला. मग राहिलं काय, तर शिकणं-शिकवणं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच, विनोबा १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातनं रजा काढून इथं शिकायला आले होते, आणि लक्ष्मणशास्त्री जोशी पोरवयात शिकायला आले ते वाईचेच झाले. मराठी विश्वकोशाचं ऑफिस मुंबई-पुणं सोडून या तालुक्याच्या गावाला का, याचं उत्तर विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ, म्हणजे हेच लक्ष्मणशास्त्री, इथं राहायचे हेच.

नंतर वरच्या अंगाला धोमचं धरण झालं. पण पावसाळ्यात धरण भरलं आणि पाणी सोडलं की ते गणपतीच्या पायऱ्या चढून येतं, त्या दिवशी दर्शन बंद. तेव्हा पुलावरनं बघायचं, गढूळ लोंढा मागच्या त्या टोकावर आपटतो आणि दोन फाके होऊन खाली निघतो.