भिंत आधी पडली, गाणं नंतर आलं

रंकाळ्याच्या कट्ट्यावर कुणी मोबाईलवर स्कॉर्पियन्स या जर्मन बँडचं 'विंड ऑफ चेंज' लावलं, की सुरुवातीच्या शिळेबरोबर हे वाक्य ठरलेलंच: "भावा, ह्याच गाण्यानं बर्लिनची भिंत पाडली!"

नाही. पूर्व आणि पश्चिम बर्लिनला तोडणारी ती भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला खुली झाली. गाणं अल्बममध्ये आलं १९९० च्या अखेरीस. भिंत पाडली ती रस्त्यावर उतरलेल्या पूर्व जर्मनीच्या लोकांनी. त्यांचं श्रेय हिरावून घेऊ नये.

आणि गाण्यात बर्लिन आहेच कुठं? पहिल्याच ओळीत मॉस्कोतली मॉस्क्वा नदी आणि गॉर्की पार्क भेटतात. ऑगस्ट १९८९ मध्ये हा बँड मॉस्कोच्या रॉक महोत्सवात वाजवून आला, तिथं गायक क्लाउस माइनेला ते सुचलं. बालालाइका हे रशियन तंतुवाद्य आणि त्याची गिटार एकच गोष्ट बोलू पाहतात, ती ओळ नीट ऐका.