रोस्ट : लोफोटेनच्या टोकावरची बेटे
(आमच्या नॉर्वे सहलीच्या प्रवाशांसाठी)

उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांच्या सहलीत रोस्टला मुक्काम कशासाठी, असे बुकिंग करताना बरेच जण विचारतात. नकाशावर ही जागा शोधावी लागते, म्हणून हे पत्रक.

लोफोटेन म्हटले की समुद्रातून उभे राहिलेले डोंगर डोळ्यांसमोर येतात. रोस्टचे मुख्य बेट मात्र सपाट आहे. तिथली सर्वांत उंच जागा जेमतेम 12 मीटर. बोडो शहरापासून पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर, भर समुद्रात ही शेकडो लहानमोठी बेटे आणि खडक पसरले आहेत. 1928 मध्ये शेजारच्या वॅरोयपासून वेगळी होऊन इथे स्वतंत्र नगरपालिका झाली. वस्ती 500च्या आसपास. डोंगर हवेच असतील तर नैऋत्येकडच्या निर्जन बेटांवर आहेत. त्यांतला स्टोरफ्येलेट 259 मीटर उंच. आर्क्टिक वृत्ताच्या आत असूनही गरम सागरी प्रवाहामुळे ऐन हिवाळ्यातले सरासरी तापमान शून्याच्या आसपासच राहते. थंडीपेक्षा वाऱ्याची तयारी ठेवा.

या हवेवरच गावाचे पोट चालते. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला लोफोटेनकडे येतो. तो साफ करून, शेपटीकडे जोड्या बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ अजिबात नाही. वेसाव्याला वलांडीवर बोंबील वाळताना पाहिले असतील, तर पद्धत लगेच ओळखीची वाटेल; फरक इतकाच की इथे ऊन नव्हे, वारा आणि बेताची थंडी काम करतात आणि त्याला महिने लागतात. गोठेल इतकी थंडी पडली तर मासा बिघडतो, उबेने माश्या आल्या तरी बिघडतो. वसंतात गेलात तर वास येणारच. त्याबद्दलची तक्रार आम्ही घेत नाही!

हा सुका मासा, म्हणजे स्टॉकफिश, मोठ्या प्रमाणात इटलीला जातो, आणि त्या नात्यामागे एक जहाजफुटी आहे. 1431 मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी क्रीटहून दारूचे पिंप भरून फ्लँडर्सकडे निघाला. वादळात सुकाणू गेले, माणसे होड्यांत उतरली. जहाजावरच्या 68 जणांपैकी मोजकेच जानेवारी 1432 मध्ये रोस्टजवळच्या ओसाड सँडोयाला लागले. कोळ्यांना ते सापडले तेव्हा 11 जण उरले होते. गावकऱ्यांनी त्यांना मेपर्यंत घरात ठेवून घेतले. क्वेरिनीने परतल्यावर या मुक्कामाचा वृत्तांत लिहिला. पंधराव्या शतकातल्या उत्तर नॉर्वेच्या साध्या कोळी घरांचे इतके जवळून केलेले वर्णन क्वचितच मिळते. आमच्या मते रोस्टला जायला एवढे कारण पुरेसे आहे. सँडोयावर 1932 पासून त्याचे स्मारक आहे, आणि व्हेनेतो प्रांतातल्या सँड्रिगो गावाशी रोस्टचे आजही मैत्र आहे.

पफिन पक्ष्यांचे आश्वासन मात्र आम्ही देत नाही. एके काळी इथल्या कड्यांवर त्यांच्या दहा लाखांहून अधिक जोड्या होत्या; पिलांना भरवायला लागणारे कोवळे हेरिंग मासे कमी पडत गेले आणि संख्या खूप घटली. दिसले तर दुर्बिणीतून बघा, कड्याजवळ जाऊ नका. दूरवरच्या स्कोमवॅर बेटावर 1887 चा लाल दीपस्तंभ आहे. तिकडची होडी समुद्र शांत असेल तरच सुटते.

बोडोहून फेरीबोट किंवा छोटे विमान मिळते. वादळात दोन्ही रद्द होऊ शकतात, म्हणून पुढचे विमान त्याच दिवशीचे घेऊ नये. शेंगेन व्हिसा लागेल. बेटावर खाण्याचे पर्याय फार थोडे आहेत, तेव्हा शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच सांगावे.