डीटीएस आणि जर्मनीतले सेवावर्ष: एकात शिकायला जायचे, दुसऱ्यात कामाला

बारावी किंवा पदवीनंतर एक वर्ष परदेशात सेवा करावी आणि विश्वासात वाढावे, असे ठरवणाऱ्या तरुणांच्या कानावर बहुधा दोन नावे पडतात. एक यूथ विथ अ मिशन या ख्रिस्ती संस्थेची डीटीएस, दुसरे जर्मनीतले एफएसजे (स्वयंसेवी सामाजिक वर्ष) किंवा बीएफडी (संघराज्याची स्वयंसेवी सेवा). मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, दोन्हीकडे जाणाऱ्यांना ‘मिशनला चाललाय’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात डीटीएस हा अभ्यासक्रम आहे आणि सेवावर्ष ही नोकरीच्या वेळा पाळून करायची सेवा. अर्ज भरण्याआधी हे कळले नाही तर पैसे, व्हिसा आणि अपेक्षा या तिन्हींत गोंधळ होतो.

यूथ विथ अ मिशन लॉरेन कनिंगहॅम यांनी 1960 मध्ये सुरू केली. डीटीएस म्हणजे डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल, शिष्यत्वाचे प्रशिक्षण. ते साधारण पाच-सहा महिने चालते. पहिले 12 आठवडे वर्ग असतात. बहुधा दर आठवड्याला नवा शिक्षक आणि नवा विषय: देवाचा स्वभाव, क्षमा, मध्यस्थीची प्रार्थना, नातेसंबंध, सुवार्ताकार्य. जोडीला लहान गट, मार्गदर्शकाशी एकट्याने बोलणे आणि स्वयंपाकघरातली किंवा झाडलोटीची पाळी. मग 8 ते 12 आठवडे गटाने दुसऱ्या गावी किंवा देशात आउटरीच, म्हणजे प्रत्यक्ष सेवा आणि सुवार्ताकार्य. या सगळ्याची फी तुम्ही भरता. संस्थेत पुढे कार्यकर्ता व्हायचे असेल तर डीटीएस झालेली लागते, पण ती सरकारमान्य पदवीची जागा घेत नाही.

जर्मनीतल्या सेवावर्षाची मुळेही ख्रिस्तीच आहेत. 1954 मध्ये नॉयएन्डेटेल्साऊ इथल्या डिकनेस-संस्थेचे (सेवाकार्याला वाहून घेतलेल्या चर्चच्या भगिनींच्या संस्थेचे) प्रमुख हेर्मान डिट्सफेल्बिंगर यांनी तरुणींना एक वर्ष सेवेला देण्याचे आवाहन केले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि 1964 मध्ये एफएसजेचा कायदा झाला. सक्तीची लष्करभरती 2011 मध्ये स्थगित झाली. ती नाकारणारे तरुण करत असलेली नागरी सेवाही तेव्हा संपली आणि त्याच वर्षी बीएफडी सुरू झाली. एफएसजे 27 वर्षांखालच्यांसाठी आहे, बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. आजही अनेक जागा प्रोटेस्टंट डियाकोनी आणि कॅथलिक कारितास या चर्चच्या समाजसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांत, अपंगांच्या निवासांत आणि बालवाड्यांत असतात. काम बहुधा पूर्णवेळ असते: आजोबांना उठवणे, भरवणे, अंथरूण बदलणे. हातात पगार नाही, खिशाखर्च मिळतो. 2025 मध्ये त्याची कमाल मर्यादा महिन्याला 644 युरो होती, पण ही मर्यादा आहे, हमी नाही. सामाजिक विम्याचा हप्ता मात्र तुमच्याकडून घेतला जात नाही. बारा महिन्यांत किमान 25 दिवस सेमिनारचे असतात.

हे सेमिनार म्हणजे बायबल वर्ग नव्हेत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. त्यांत सेवेचे प्रश्न, समाज, राजकारण, गटातले भांडण मिटवणे असे विषय येतात. चर्चच्या संस्थेत प्रार्थना असेलही, पण तुमच्या वाढीची जबाबदारी कोणी उचललेली नसते. आजींना घास भरवता भरवता सुवार्ता ऐकवणे हे तुमचे काम नव्हे. त्या दुर्बळ आणि तुमच्यावर अवलंबून असतात, म्हणून हे अनुचितही आहे. साक्ष द्यायची ती वेळेवर येऊन आणि हळुवार हाताने.

आम्हाला यातला खरा फरक एका प्रश्नात दिसतो: सकाळी तुम्ही उठला नाहीत तर कोणाचे अडते? डीटीएसमध्ये तुमचा धडा बुडतो. वृद्धाश्रमात एक माणूस ओल्या अंथरुणात पडून राहतो. डीटीएस मत्तय 28 मधली ‘जा, शिष्य करा’ ही आज्ञा समोर ठेवते, सेवावर्ष मत्तय 25 मधली भुकेल्या-आजाऱ्यांची सेवा जगायला लावते. ज्याला स्वतःच्या विश्वासाचे प्रश्न निवांत सोडवायचे आहेत त्याने पहिली वाट धरावी. ज्याचा विश्वास डोक्यात पक्का आहे पण हातात उतरलेला नाही, त्याला दुसरी अधिक शिकवेल.

डीटीएसच्या खर्चाची चौकशी करताना एकच आकडा घेऊन थांबू नका. वर्गांची फी, आउटरीचचा खर्च, विमानतिकीट, व्हिसा आणि विमा वेगवेगळे लिहून मागा. आउटरीचचा आकडा उशिरा ठरतो आणि तिथेच पैसे कमी पडतात. युरोपातले केंद्र निवडलेत तर हिशेब करा: शेंगेन देशांत (एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत) अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस. आउटरीच शेंगेनमध्येच असेल तर ते बसत नाही. त्या देशात या व्हिसावर असा वर्ग करता येतो का, हे केंद्राला लेखी विचारा. भारतातही डीटीएस होते, आणि शिष्यत्वच हवे असेल तर परदेशाचा हट्ट कशाला?

सेवावर्षासाठी आधी भाषा. जर्मन सहसा ए2 किंवा बी1 पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे बोलणे जमेल इतकी, मागतात. पुण्यात किंवा मुंबईत मॅक्स म्युलर भवनात त्याची तयारी आणि परीक्षा दोन्ही होतात. मग संस्थेचा करार येतो. त्यात राहण्याची सोय लिहिली आहे का, हे पहिल्यांदा पाहा. खोली स्वतः शोधायची असेल तर मोठ्या शहरात खिशाखर्च भाड्यातच जातो, आणि उदरनिर्वाह भागत नाही असे दिसले तर व्हिसाही अडतो. जागा मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा. संस्थांकडे थेट अर्ज करता येतो. बहुतेक जागा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून अर्ज आदल्या हिवाळ्यातच पाठवा.

काहींचा खरा हेतू पुढे तिथेच नर्सिंगचे प्रशिक्षण घेण्याचा असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त अर्जात तो लपवून भक्तीची भाषा वापरू नका. आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी मंडळी शोधा. पाळ्यांचे काम असल्याने पुढचे दोन रविवार ड्युटीत जाऊ शकतात, म्हणून रविवारच्या सुट्यांबद्दल वरिष्ठांशी सुरुवातीलाच बोलून घ्या. आठवड्यातून एकदा घरच्या पाळकांशी किंवा एखाद्या विश्वासू ताईशी मराठीत प्रार्थना करायची वेळ ठरवा. दिवसभर तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये बोलणाऱ्याला देवाशी तरी आपल्या भाषेत बोलता आले पाहिजे.