खुलासा : घनदाट जंगलाखालची जमीन सुपीकच असते का?
ॲमेझॉनचं जंगल तोडून शेती केली तर सोनं पिकेल, ही समजूत सोलापुरातही ऐकू येते. मंगळवेढ्याची काळी जमीन पाहिलेल्याला ती पटतेही. पण ॲमेझॉनमधली बहुतेक माती आम्लधर्मी आणि निकस. धो धो पावसाने तिचा कस केव्हाच धुऊन नेलाय. दौलत आहे ती झाडांत आणि पालापाचोळ्यात. पडलेलं पान झपाट्याने कुजतं, बुरशी आणि वरवर पसरलेली मुळं त्यातलं अन्न लगेच उचलतात. फॉस्फरस हे झाडांचं खाद्य तर काही प्रमाणात सहारा वाळवंटातल्या धुळीबरोबर येतं, वर्षाला अंदाजे २२,००० टन! झाडं जाळली की राखेवर दोन-चार वर्षं पीक निघतं, मग पुढचा तुकडा तोडायचा. जंगल राखण्याचा आग्रह त्यासाठीही. एक ठळक अपवाद : जुन्या वस्त्यांनी कोळसा, हाडं, खरकटं मिसळून घडवलेली काळी माती तिथे काही ठिकाणी आजही सुपीक आहे.