दीर्घ तांत्रिक दस्तऐवजांसाठी डीटीपी सॉफ्टवेअरची निवड

यंत्राची देखभाल-पुस्तिका, अभियांत्रिकीचे पाठ्यपुस्तक, मानक-संहिता किंवा प्रकल्प-अहवाल अशा शेकडो पानांच्या मजकुराची संगणकावर पाने लावण्यासाठी (डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजेच डीटीपी) योग्य साधन ठरवणे. मासिक किंवा जाहिरात यांची पाने एकदा लागली, छापून झाली की काम संपते. तांत्रिक पुस्तिकेचे तसे नसते. यंत्राचा एखादा भाग बदलला की आकृती बदलते, तक्ता बदलतो आणि नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून पहिली आवृत्ती किती देखणी निघते यापेक्षा पाचवी आवृत्ती किती कमी कष्टात आणि किती बिनचूक निघते, हाच निवडीचा खरा निकष मानावा.

‘आकृती ४.७ पाहा’ हे वाक्य पुस्तकात तीस ठिकाणी आले आहे असे समजा. चौथ्या प्रकरणात मध्येच एक आकृती वाढली की तिच्या पुढच्या सगळ्या आकृत्यांचे क्रमांक सरकतात. हे उल्लेख हाताने टंकलेले असतील तर कोणाला तरी बसून शोधावे लागतात आणि एखादा निसटतोच. कादंबरीत अशी चूक खपून जाईल. बाष्पकाच्या पुस्तिकेत ती कारागिराला चुकीच्या झडपेकडे नेते. म्हणून क्रमांक, परस्परसंदर्भ, अनुक्रमणिका, तळटीपा आणि शब्दसूची या गोष्टी साधनाने स्वतः सांभाळायला हव्यात.

डेस्कटॉप पब्लिशिंग १९८५ मध्ये रूढ झाले. ॲपलचा लेझरायटर मुद्रक, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन-भाषा आणि ॲल्डस कंपनीचे पेजमेकर यांच्या जोडीने ते शक्य झाले. हे नाव ॲल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांनी दिले. पेजमेकरने जुन्या कलाविभागाची रीत पडद्यावर आणली: मजकुराच्या पट्ट्या कापायच्या आणि पानावर चिकटवायच्या. आठ पानांच्या पत्रकाला ती सोयीची, पण आठशे पानांच्या ग्रंथाला जाचक. १९८६ मध्ये आलेल्या व्हेंचुरा पब्लिशरने वेगळी वाट धरली. परिच्छेदाला ‘शीर्षक’, ‘सूचना’, ‘तक्ता’ अशी ओळख द्यायची आणि रूप त्या ओळखीवरून ठरवायचे, ही ती वाट. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फ्रेम टेक्नॉलॉजीचे फ्रेममेकर तर मोठ्या पुस्तिकांसाठीच नावारूपाला आले. प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत ठेवून त्यांचे एक पुस्तक बांधणे, एकाच मूळ मजकुरातून दोन मॉडेलांच्या पुस्तिका काढता याव्यात म्हणून काही परिच्छेद अटीनुसार दाखवणे किंवा लपवणे, ही त्याची बलस्थाने. ॲडोबीने १९९५ मध्ये ही कंपनी विकत घेतली.

ॲडोबीचे पाने लावण्याचे इनडिझाइन १९९९ मध्ये आले. मासिके आणि पुस्तके यांच्या मांडणीत त्याने लवकरच पकड घेतली, पण लांब मजकुराच्या सोयी त्यात सावकाश आल्या: तळटीपा २००५ च्या आवृत्तीत, तर परस्परसंदर्भ २००८ च्या. आज बहुतेक सोयी त्यात आहेत, तरी त्याचा मूळ पिंड पान सजवणाऱ्याचा आहे. चित्रे आणि रंग भरपूर असतील तर ते घ्यावे. सूत्रे भरपूर असतील तर लाटेक ही मजकुरात खुणा लिहून पाने लावणारी प्रणाली घ्यावी.

लाटेकच्या मुळाशी असलेले टेक्‌ संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये प्रथम तयार केले. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून त्यांना गणिताची जुळणी असह्य झाली होती, त्यातून हे घडले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारले. लेखक साध्या मजकुरात खुणा लिहितो, पान लावण्याचे काम यंत्र करते. शिकायला ते अवघड, आणि एखादे चित्र हवे तिथेच बसवताना जीव मेटाकुटीला येतो. मात्र मूळ फाईल साधा मजकूर असल्याने ती कुठल्याही संगणकावर उघडते, आणि दोन आवृत्त्यांत नेमके काय बदलले तेही ओळीनुसार तपासता येते.

अनेक लेखक, अनेक भाषा आणि हजारो तुकड्यांचा मजकूर असेल तर पान आणि आशय वेगळेच ठेवतात. आयबीएममध्ये जन्मलेली डिटा ही एक्सएमएल-पद्धती (मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खुणांनी ओळख देणारी) २००५ मध्ये ओॲसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक झाली; विमाने आणि संरक्षण-सामग्री यांच्या पुस्तिकांसाठी एस१०००डी हे विनिर्देश वापरतात. छोट्या कार्यालयाने मात्र या वाटेला जाऊ नये. तिथे व्यवस्थेचा खर्चच मजकुराला गिळतो.

मराठी ग्रंथासाठी आणखी एक परीक्षा लागते आणि ती सर्वांत आधी घ्यावी. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणारे युनिकोड हे मानक न पाळणाऱ्या) फाँटांत जुळवलेला मजकूर छापील पानावर सुरेख दिसतो, पण तो शोधता येत नाही, सूचीत वर्णक्रमाने लावता येत नाही आणि दुसऱ्या फाँटात उघडला की अगम्य चिन्हे होतो. पेजमेकरमध्ये युनिकोड नव्हताच. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडलेला असावा लागतो, नाहीतर वेलांटी आणि रफार भलतीकडे पडतात. लाटेकमध्ये २००४ च्या झीटेक या टेकच्या युनिकोड-रूपापासून देवनागरीचे युनिकोड फाँट थेट वापरता येतात. मुक्त असलेल्या स्क्रायबस या डीटीपी-साधनामध्ये भारतीय लिप्यांची जुळणी १.५ मालिकेत आली.

नमुन्यासाठी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. रफार आणि अर्धचंद्री र यांत फरक दिसला नाही तर समुद्राच्या दऱ्या होतात. मग शब्दसूची काढून ‘ळ’ कुठे बसतो ते पाहावे. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर. सूची नुसत्या संकेतांकांवरून लावणारे साधन इथे पकडले जाते.

चाचणीसाठी ग्रंथातले सोपे प्रकरण कधीच घेऊ नये. दोन पानांवर पसरणारा तक्ता, सूत्रे, तळटीपा असलेले सर्वांत किचकट प्रकरण पूर्ण लावावे, मध्येच एक आकृती घालावी आणि क्रमांक, सूची, संदर्भ आपोआप सरकतात का ते पाहावे. शेवटी तयार पीडीएफमधून एक मराठी परिच्छेद उचलून साध्या मजकूर-संपादकात चिकटवावा. अक्षरे मोडली तर वाचकाला त्या फायलीत काहीच शोधता येणार नाही.

साधनेही बंद पडतात: फ्रेममेकरची मॅक आवृत्ती २००४ मध्ये थांबली, पेजमेकरचा विकासही त्याच वर्षी. धरणाची किंवा वीजकेंद्राची पुस्तिका पन्नास वर्षे लागते. म्हणून कोणतेही साधन घेतले तरी प्रत्येक आवृत्तीबरोबर पीडीएफ, आकृत्यांच्या मूळ फायली, फाँट आणि युनिकोडमधला साधा मजकूर वेगळा जपून ठेवावा.